अनवाणी धावावं का? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : वय ४२. आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर धावतो, गुडघा दुखतो. ग्रुपमधले म्हणतात, बूट काढ, गुडघा सुधारेल. मिलिंद सोमण तर अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावत आले! (पुणे)

ग्रुपचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाड टाचेच्या बुटात बहुतेक जण आधी टाच टेकवतात. बूट काढले की टाच आपटणं सोसत नाही, मग पावलं आखूड पडतात आणि चवडा आधी टेकू लागतो. अशा धावण्यात जमिनीचा पहिला दणका जवळपास नाहीसा होतो, हे हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. गुडघ्यावरचा ताणही कमी होतो. पण तो भार जातो कुठे? पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर आणि चवड्याच्या हाडांवर. २०१६च्या एका अमेरिकी अभ्यासात अनवाणी धावणाऱ्यांच्या गुडघ्याच्या तक्रारी बूट घालणाऱ्यांपेक्षा कमी निघाल्या, पोटरीच्या जास्त. धावलेलं अंतर हिशेबात धरल्यावर दुखापतींच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक उरला नाही.

शिवाय बूट काढले की प्रत्येक जण चवड्यावर धावतो, असंही नाही. उत्तर केनियातले दासनाच लोक जन्मभर अनवाणी असतात, तरी सावकाश धावताना त्यांतले बहुतेक टाचच आधी टेकवतात.

तुम्ही आधी बूट न काढताच एक करून बघा : वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. गुडघ्याचा भार त्यानेही हलका होतो. सोमण यांचं कौतुक मलाही आहे, पण त्यामागचा सराव बघा, नुसते पाय बघू नका. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून जिंकला, आणि तीन मिनिटं लवकर पोहोचला, हे सहसा कुणी सांगत नाही.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी पातळ तळाचे बूट घेतले, रोज पाच किलोमीटर धावते. आता पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी दाबलं की कळ येते. एक्स-रे नॉर्मल आहे. (नाशिक)

आजपासून धावणं बंद. हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, आणि पहिले दोन-तीन आठवडे ते एक्स-रेत बहुधा दिसत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, एमआरआय लागेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात धावपटूंना दहा आठवड्यांत अशा पातळ बुटांकडे वळवलं, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडात सूज वाढलेली दिसली. त्यांना तर हळूहळू वाढवायला सांगितलं होतं; तुम्ही एकदम रोजचे पाच किलोमीटर धरलेत.

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. बरं झाल्यावर पुन्हा करायचंच असेल, तर आधी घरात अनवाणी चाला. मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी मातीच्या मैदानावर पाचेक मिनिटं, मध्ये एक-दोन दिवस सोडून. पोटऱ्या भरून आल्या तर तेवढ्यावरच थांबा.

प्रश्न : वय ५८, बारा वर्षं मधुमेह. गवतावर तरी अनवाणी पळू का? (कोल्हापूर)

नाही. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेली असते तेव्हा पेशंटला ते कळतच नाही. खडा रुततो, फोड येतो, चिघळल्यावर लक्षात येतं. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर फिरून तळवे भाजून आलेले मधुमेही आम्ही पाहतो, त्यांनाही चटका जाणवलेला नसतो. वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्याने तळव्यांच्या संवेदनेची तपासणी करून घ्या आणि बूट घालून खुशाल चाला.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, पाऊल सपाट आहे. खास बूट घ्यावेत का? (ठाणे)

या वयात तळव्याची कमान पुरती आलेलीच नसते. मंगळूरच्या डॉक्टरांनी २३०० मुलं तपासून १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सपाट पाऊल बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. तेव्हा खास बूट नकोत; अंगणात, मैदानावर अनवाणी खेळू द्या. पाय दुखत असेल, किंवा चवड्यांवर उभं राहिल्यावरही कमान दिसत नसेल, तर मात्र दाखवा.

प्रश्न : मैदानावर काच लागली तर? (सोलापूर)

वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. काच खोल रुतली असेल तर घरी उकरू नका. जखम मळकी असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल, तर नवीन घ्या. लोक उघड्यावर शौचाला बसतात त्या जमिनीवर अनवाणी जाऊच नका, तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी (आतड्यात राहणारे जंत) थेट तळव्याच्या कातडीतून आत शिरतात.