पोस्टाचं ऑडिट होतं, मग आईचे तीन हप्ते गेले कुठे?

प्रश्न : काका, आईची पोस्टात २००० रुपयांची आरडी आहे. एजंट बाई दर महिन्याला घरी येऊन पैसे न्यायच्या, कार्डावर सही पण करायच्या. परवा पासबुक भरून घेतलं तर तीन हप्ते त्यात नाहीतच! दरवर्षी ऑडिट होतं म्हणतात, मग कोणाला दिसलं कसं नाही? एजी ऑफिसात (महालेखापालांच्या कचेरीत) तक्रार करू का?
— एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : एजी ऑफिसात नको जाऊस बेटा, तिथे राज्याचा हिशोब असतो, पोस्ट केंद्राचं. आपल्या लश्करच्या मराठी घरांतलं कोणी ना कोणी एजीत असायचंच, म्हणून ऑडिट म्हटलं की आपल्याला तीच बिल्डिंग आठवते. पोस्टाचं ऑडिट पण कॅगच, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षकच करतात, पण त्यांची शाखा वेगळी.

आता होतं काय, तर पोस्टाचा इन्स्पेक्टर येतो तो आधी गल्ला मोजतो, मग तिकिटं, पोस्टल ऑर्डरी, सगळं त्या दिवसाच्या हिशोबाशी जुळवतो. पोस्टाचेच अकाउंट्सवाले व्हाउचर बघतात. कॅगवाले त्याच्याही नंतर येतात, सगळं नाही बघत, थोडी ऑफिसं निवडून बघतात, खर्च नियमात झाला का, घेतलेलं मशीन चालू आहे की धूळ खातंय वगैरे. त्यांचा रिपोर्ट घटनेच्या कलम १५१ प्रमाणे राष्ट्रपतींकडे, तिथून संसदेत, मग लोकलेखा समितीपुढे जातो, आणि तिचा अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा असतो ही मला तरी फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

पण एजंट बाईंनी पैसे काउंटरवर भरलेच नसतील तर पोस्टाच्या हिशोबात खड्डा पडणार कुठे? गल्ला बरोबर, भरलेल्या हप्त्यांची लिस्ट बरोबर, ऑडिट क्लीन. पैसे पोस्टाच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत ना! एजंटच्या कार्डावरची सही म्हणजे तू पैसे एजंटला दिलेस एवढंच, पोस्टाला मिळाले हे फक्त पासबुकातली नोंद सांगते. हे दोन्ही कागद तुझ्या कपाटात, ऑडिटरला दिसणार कसे? म्हणून तर इन्स्पेक्टर खातेदारांकडून पासबुकं मागवून खात्याशी ताडून बघतात, आणि लोक देत नाहीत, परत मिळेल का म्हणून.

आता आधी थकलेले हप्ते भरून टाक. दंड शंभराला महिन्याचा १ रुपया, म्हणजे तुझ्या एका हप्त्यावर महिन्याला २० रुपये. चार थकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं, ती कटकट नको. मग कार्ड आणि पासबुक दोन्हीच्या झेरॉक्स जोडून पोस्टमास्तरांना लेखी अर्ज दे, एक प्रत सुपरिंटेंडेंटना, एक जिथून एजन्सी मिळते त्या अल्पबचतवाल्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का मारून घे, तोंडी काही नको.

प्रश्न : कोपऱ्यावरच्या लाल पेटीतली पत्रं रोज काढतात हे कोण बघतं? — जीवाजीगंजचे आजोबा

उत्तर : आजोबा, याची जुनी युक्ती आहे. तपासणारा गुपचूप एक टेस्ट पत्र पेटीत टाकतो, वेळ लिहून ठेवतो, मग त्यावर कुठल्या तारखेचा शिक्का पडला ते बघतो. आता ‘नन्यथा’ नावाचं सॉफ्टवेअर पण आहे, पेटीतला बारकोड स्कॅन केला की ती उघडल्याची नोंद होते. मला पत्राची युक्तीच जास्त आवडते. स्कॅनवरून पेटी उघडली कळतं, पत्र पुढे गेलं का ते नाही कळत.

प्रश्न : सगळं कॉम्प्युटरवर आलं, मग आता इन्स्पेक्टर हवाच कशाला? — एक कॉलेजवाला, मुरार

उत्तर : ब्रिटनचं ऐक मग. तिथल्या पोस्टानं १९९९ पासून फुजित्सू कंपनीचं ‘होरायझन’ नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. ते गल्ल्यात नसलेला तोटा दाखवायला लागलं. ऑडिटर येणार, स्क्रीन बघणार, गल्ला मोजणार, फरक निघाला की छोट्या पोस्टमास्तरावर केस. २०१५ पर्यंत ९०० च्या वर लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, घरं विकली, आणि चूक मशीनची असेल असं म्हणणाऱ्याचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आता सांग, स्क्रीनवरचा आकडा स्क्रीनशीच जुळवला तर ते ऑडिट कसलं?

मी स्वतः अजून दर तीन महिन्यांनी बाड्यावरच्या पोस्टात जाऊन पासबुक छापून घेतो आणि घरच्या डायरीशी लावून बघतो. बायको हसते. हसू दे.