नारळ उभा राहतो खरा, पण पाणी कुणाला दिसतं?

गेल्या महिन्यात या सदरात उन्हाळी बोअरबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की पाणाड्याच्या, म्हणजे नारळ किंवा काठी धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याच्या, भरवशावर कर्ज काढू नका. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की आजचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काहीजण चिडलेत, काहीजण खरंच गोंधळलेत. सगळ्यांचे प्रश्न मनापासून आहेत म्हणून उत्तरंही तशीच देतोय.

प्रश्न : आमच्या रानात मार्चमध्ये पाणाड्या आणला होता. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेंडी पुढं, आणि चालत चालत बांधाजवळ आला तसा नारळ चक्क उभा राहिला. मी दोन फुटांवर होतो, हातचलाखी काही नव्हती. तिथंच १८० फुटांवर पाणी लागलं. मग याला अंधश्रद्धा कसं म्हणायचं?
— एक शेतकरी, ता. मंगळवेढा

नारळ उभा राहिला हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्या माणसानं तुम्हाला फसवलं नाही हेही मान्य. मी स्वतः बघितलंय. आमच्या वडिलांनी बोलावलेला पाणाड्या म्हातारा माणूस होता, एक नारळ आणि एक्कावन्न रुपये एवढंच घ्यायचा, कुणी जास्त दिले तर परत करायचा. असल्या माणसाला भोंदू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण नारळ उभा का राहतो ते बघा. बोटांवर आडवा ठेवलेला नारळ मुळातच डगमगता असतो, बोटं केसभर कलली की त्याचा तोल जातो. काही पाणाडे तांब्याच्या वाकवलेल्या सळया धरतात, त्यांचं तेच, सळई मुठीत आडवी धरली की ती दरवाजासारखी होते, बिजागरी जरा कलली की दरवाजा आपोआप फिरतो, तशी ती फिरते. काहीजण लिंबाची बेचकी धरतात, ती तर दोन्ही हातांनी ताणून धरलेली असते, म्हणजे स्प्रिंगच ती, मनगट जरासं वळलं की झटक्यात खाली जाते आणि धरणाऱ्याला वाटतं की जमिनीनं ओढली. तिन्ही साधनांत हाताची एवढीशी हालचाल डोळ्याला मोठी दिसते. आणि ती हालचाल माणूस मुद्दाम करत नाही, त्याला कळतही नाही. विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८५२ मध्ये याला नाव दिलं, आयडिओमोटर क्रिया. म्हणजे मनात नुसती अपेक्षा आली की स्नायू आपल्याला न विचारता हलतात.

आता अपेक्षा कुठून येते? चाळीस वर्षं रानोमाळ फिरलेल्या माणसाला उतार कळतो, ओढा कुठून जातो, शेजारच्याची विहीर कुठं आहे, कुठलं झाड उन्हाळ्यात हिरवं राहिलंय हे सगळं दिसत असतं. तो बांधाजवळ आला की त्याच्या मनाला वाटतं "इथं असावं", आणि हात ते बोलून दाखवतो. म्हणून कधीकधी अंदाज बरा निघतो, पण तो अनुभवाचा अंदाज, नारळाचा त्यात काही हात नाही.

आणि १८० फुटांवर पाणी लागलं म्हणता, तर आपला सुमारे ८० टक्के महाराष्ट्र काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर आहेत ते. पाणी असतं ते वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जमिनीखाली नदीसारखे झरे वाहतात असं आपण समजतो, तसं इथं नसतं. एवढं खोल गेलात तर एखादी ओली भेग लागणं ही नवलाची गोष्ट नाही. खरा प्रश्न असा, की तीच बोअर वीस पावलं पलीकडं घेतली असती तर कोरडी गेली असती का? ते कुणीच तपासत नाही, कारण दुसरी बोअर घ्यायला पैसे कुठायत.

आमच्याच घरचं सांगतो. तीन बोअर घेतल्या, तिन्ही जागा त्याच म्हाताऱ्यानं दाखवलेल्या. पहिल्या दोन कोरड्या, फक्त धूळ उडाली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. तिसरीला दीड इंच पाणी लागलं. आज गावात कुणालाही विचारा, त्या पाणाड्यानं आमच्या रानात पाणी दाखवलं एवढंच सांगतात. पहिल्या दोन बोअर आईला सोडून कुणाच्याच लक्षात नाहीत.

प्रश्न : मी ऑनलाइन पेंडुलम डाउझिंगचा कोर्स केला, म्हणजे दोऱ्याला बांधलेला लोलक कसा झुलतो त्यावरून हो-नाही उत्तर ओळखायचं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात पेंडुलम आपल्या सबकॉन्शस माइंडमधून युनिव्हर्सशी कनेक्ट होतो, आणि मला खरंच बरोबर उत्तरं येतात. आता मी घरच्यांची औषधंसुद्धा विचारून घेते. सासूबाईंच्या शुगरच्या गोळीला पेंडुलम 'नाही' म्हणतोय. काय करू?
— एक वाचिका, पुणे

ताई, आधी गोळी. ती बंद करू नका, आणि बंद केली असेल तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करून सांगा, बाकीचं नंतर वाचा.

आता पेंडुलम. तुमच्यासारखाच प्रश्न एका मोठ्या माणसाला पडला होता. मिशेल शेव्हरल, फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ. पाऱ्याच्या भांड्यावर दोऱ्याला बांधलेलं वजन धरलं की ते आपोआप झुलतं, आणि मध्ये काच सरकवली की थांबतं, असं त्यांनी स्वतःच्या हातानं अनुभवलं. त्यांनी त्याची टिंगल केली नाही आणि त्यावर विश्वासही टाकला नाही, तपासून बघितलं. हाताला टेकू दिला तर झोका कमी झाला. मग डोळे बांधले आणि काच कधी सरकवली ते दुसऱ्याकडून आपल्याला न सांगता करवून घेतलं, तर काचेचा काही म्हणजे काही फरक पडेना. १८३३ मध्ये त्यांनी हे सगळं अँपियर यांना लिहिलेल्या पत्रात छापलं, हो तेच अँपियर ज्यांच्या नावानं आपण करंट मोजतो. स्वतःचीच समजूत चुकीची निघाली हे जाहीर लिहायला मोठं मन लागतं, मला त्या पत्राचं फार अप्रूप वाटतं.

पेंडुलमला फार जोर लागतच नाही. झोपाळ्याला लहान मूल नेमक्या वेळी हलकासा धक्का देत राहिलं तरी झोका मोठा होत जातो ना, तसं बोटांचं इवलंसं थरथरणं दोऱ्याच्या तालात पडलं की पुरे. म्हणून सबकॉन्शस हा शब्द तुमच्या मॅडम वापरतात तो अर्धा बरोबर आहे. पेंडुलम तुमच्याच मनातलं सांगतो. जे तुम्हाला माहीत आहे, जे हवंय, ज्याची भीती वाटते, ते सगळं त्यात उतरतं. सासूबाईंच्या गोळ्यांबद्दल तुमच्या मनात आधीच धाकधूक असणार, तीच दोऱ्यावर झुलतेय. त्या पलीकडं, तुम्हाला ठाऊक नसलेलं असं काही त्यात येत नाही. घरी बघा, कुणालातरी दुसऱ्या खोलीत पत्त्यांचा कॅट पिसायला सांगा, एकेक पत्ता पाकिटात घालून आणायला सांगा, आणि लाल की काळा ते पेंडुलमला विचारा. आणणाऱ्यालाही पत्ता माहीत नसला पाहिजे, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. पन्नास वेळा करा. पंचविसाच्या आसपास येतील.

मन शांत करायला पेंडुलम घेऊन बसत असाल तर खुशाल बसा, पण औषध, लग्न, पैसे यातलं काही त्याच्यावर सोडू नका.

प्रश्न : पण क्वांटम फिजिक्स सांगतं की सगळं विश्व एकमेकांशी जोडलेलं आहे. एन्टँगलमेंटला, म्हणजे दूरदूरच्या कणांमधल्या अदृश्य जोडीला, तर नोबेल मिळालं. मग आपली चेतना आणि जमिनीतलं पाणी जोडलेलं का नसावं? पृथ्वीची ७.८३ हर्ट्झची व्हायब्रेशन्सपण असतात ना?
— एक इंजिनिअर वाचक, नाशिक

नोबेल मिळालं ते खरं, २०२२ मध्ये, आस्पे, क्लाउजर आणि झायलिंगर यांना. पण एन्टँगलमेंटमधून एकट्यानं निरोप पाठवता येत नाही हे त्याच फिजिक्सचं म्हणणं आहे, सोबत साधा सिग्नल जोडावाच लागतो. शिवाय कणांमधली ती जोडी जपायला प्रयोगशाळेत केवढी मेहनत घ्यावी लागते, बाहेरचा जरा धक्का लागला की तुटते. उन्हातल्या रानात, चपला घातलेल्या माणसाचा मेंदू आणि खालची ओली भेग यांच्यात ती टिकेल कशी?

७.८३ हर्ट्झ म्हणजे शूमान रेझोनन्स. ते खरं आहे आणि सुंदर आहे. जगभर सतत विजा पडत असतात, त्यांच्या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, यांच्या मधल्या पोकळीत घुमतात. पण ती सगळी भानगड आकाशाकडची आहे, पाणी तुमच्या रानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि एक मनापासून सांगतो. चेतना म्हणजे काय हा प्रश्न अजून सुटलेला नाही, मला तो फार मोठा वाटतो. आपलाच हात आपल्याला न सांगता हलतो आणि आपण शपथेवर सांगतो की मी हलवला नाही, यातच केवढं गूढ आहे. म्हणून तर त्याचा वापर कुणी क्रिस्टलचा पेंडुलम विकायला केला की मला वाईट वाटतं.

प्रश्न : वराहमिहिरांनी हेच शास्त्र दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आपण आपलंच विसरलो. आणि पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणतात ते?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतलं दकार्गल, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधायचं, प्रकरण मीही वाचलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच सांगतो, त्यात काठी नाही, नारळ नाही. त्यात आहेत झाडं, वारुळं, माती, खडक, अंतर आणि खोली. जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं ते सांगतात. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी उंची, साधारण साडेसात फूट. बरोबर की चूक हे खणून तपासता येईल असं लिहिलंय त्यांनी! सगळ्या खुणा आपल्या बेसॉल्टमध्ये लागू पडतील असं नाही, पण डोळे उघडे ठेवून जमीन वाचायची ही पद्धत आजच्या भूगर्भतज्ज्ञाच्या जास्त जवळची आहे. वराहमिहिरांचं नाव नारळाला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पायाळूचं म्हणाल तर पायाकडून जन्मलेल्या पोरांना अंजन घालून रानात फिरवायचे, गुप्तधनासाठीही फिरवायचे, आणि त्यात त्या पोरांच्या जिवाची भीती असायची. ते आता पूर्ण सोडून द्यायला हवं.

प्रश्न : जर्मनीत सरकारी खर्चानं प्रयोग झाला आणि डाउझिंग, म्हणजे पाणाड्यासारखं काठी-सळईनं पाणी शोधणं, सिद्ध झालं असं वाचलं. शिवाय विश्वास ठेवून बिघडतं काय?
— एक वाचक, कोल्हापूर

झाला होता, १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ. एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून १० मीटरच्या रेषेवर मागंपुढं सरकवायचे, वरच्या मजल्यावरून डाउझरनं जागा ओळखायची. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, ८४३ चाचण्या झाल्या. करणाऱ्यांनी सांगितलं की थोड्या जणांकडं खरंच कसब आहे. पुढं १९९९ मध्ये जिम एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे परत मांडले, आणि निघालं काय, तर डोळे मिटून दरवेळी रेषेचा मध्य सांगितला असता त्यापेक्षा सगळ्यात चांगला डाउझर सरासरी ४ मिलिमीटर जवळ होता. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर. १९९० मध्ये कासेललाही ३० डाउझरची चाचणी झाली, पुरलेल्या पाइपमधून पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं होतं, पद्धत सगळ्यांना आधी मान्य होती, निकाल नशिबाएवढाच आला.

बिघडतं काय म्हणता, तर इराकचं बघा. एडीई ६५१ नावाचं बॉम्ब शोधायचं यंत्र, मुठीवर एक अँटेना फिरती, आत काहीच नाही, म्हणजे डाउझिंगची सळईच. गोल्फचे हरवलेले बॉल शोधायचं म्हणून साधारण २० डॉलरला मिळणाऱ्या खेळण्यावरून बनवलेलं, आणि इराकला एकेक नग हजारो डॉलरला विकलं. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ते हातात धरून गाड्या तपासायचे, आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढं जायच्या. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टानं १० वर्षांची शिक्षा दिली, पण नाक्यांवरून ती यंत्रं काढायचा हुकूम निघाला २०१६ मध्ये, कराडा भागातल्या स्फोटात तीनशेच्या वर माणसं गेल्यावर. त्या शिपायांनाही हातात यंत्र फिरल्यासारखं वाटतच असणार, तुमच्या आमच्यासारखंच.

प्रश्न : मग बोअर घ्यायचीच असेल तर करायचं काय?
— आलेल्या निम्म्या पत्रांतला हा प्रश्न

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथं जाऊन आपल्या गावाच्या पाण्याची माहिती आधी विचारा. भूगर्भतज्ज्ञाकडून रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करून घ्या. त्यात चार सळया एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात, आणि सळया लांब लांब नेत खोलीचा अंदाज घेतात. ओला भेगाळ खडक वीज सोपी जाऊ देतो, कडक काळा पाषाण जाऊ देत नाही. याचीही गॅरंटी नाही बरं का, चिकणमाती लागली तरी आकडा ओल्यासारखाच येतो, म्हणून जाणता माणूस शेजारच्या विहिरींची माहिती घेऊन मगच बोलतो. "शंभर टक्के पाणी" म्हणणारा मशीनवाला भेटला तर त्यालाही पाणाड्याच्याच रांगेत बसवा. आणि वरून मुरलंच नसेल तर कुणीही खालून काढू शकत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली, दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडून पिकं ठरवली, आणि त्यांच्या विहिरींना पाणी राहिलं.

प्रश्न : आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. आमच्या आजोबांना नारळावर पाणी कळतं. त्यांची परीक्षा घेतली तर त्यांना वाईट वाटेल का?
— इयत्ता आठवी, जि. बीड

आधी आजोबांनाच विचार आणि चाचणी त्यांनाच ठरवू दे, म्हणजे वाईट वाटणार नाही. पाच सारख्या बादल्या घ्या, एकीत पाणी, चार रिकाम्या, सगळ्यांवर झाकण आणि पोतं. कुठल्या बादलीत पाणी ते फासा टाकून ठरवा, सहा पडला तर परत टाका. पाणी भरणाऱ्यानं भरून झालं की बाहेर निघून जायचं, आजोबांसोबत थांबणाऱ्याला काही माहीत नको. आधी झाकण उघडं ठेवून एकदा करा, आजोबांना म्हणू दे की हो, आज नारळ बरोबर चालतोय. मग झाकून वीस वेळा. नुसत्या अंदाजानं वीसात चार बरोबर येतात, ते वहीत आधीच लिहून ठेव. बादली उचलून बघायची नाही, पाणी सांडून जमीन ओली होऊ द्यायची नाही. आकडे काय येतील ते आम्हाला नक्की कळव, आजोबांची हरकत नसेल तर पुढच्या अंकात छापू.