इंग्लंडात केंटमधलं जुनं लाकडी शेतघर आवडलंय, पण खांब तिरके आहेत. पडेल का? घ्यावं का?

पडणार नाही. हाच प्रश्न माझ्या मेहुण्याने आमच्या अशाच जुन्या घराच्या दिवाणखान्यात उभं राहून विचारला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेहुणा साताऱ्याला बांधकामाची कंत्राटं घेतो. आला तो बॅग खाली ठेवायच्या आधी किल्ल्यांच्या जुडग्याला दोरी बांधून त्याने ओळंबा केला आणि कोपऱ्यातल्या खांबाला लावला. वरपर्यंत जाता जाता खांब चार बोटं बाहेर. मग लेकीची गोटी वरच्या खोलीच्या दारात ठेवली. ती घरंगळत थेट खिडकीखाली. "दाजी, तुम्हाला गंडवलंय!" बायकोनेही लगेच भावाची री ओढली.

त्याला जे पटलं नाही ते तुम्हाला सांगतो. ही घरं नुकत्याच तोडलेल्या, ओल्या ओकच्या लाकडाची, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. सगळी चौकट आधी सुताराच्या आवारात जुळवायची, लाकडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सुटी करून जागेवर उभी करायची. सांध्यांत खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार ओकची खुंटी. भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आवळतो. पुढे लाकूड वाळतं तसं आकसतं, पिळवटतं. तुम्हाला दिसतोय त्यातला बराचसा वाकडेपणा घर नवं होतं तेव्हाचाच. भार चौकटीवर असतो. मधल्या भिंती म्हणजे नुसता कुड, हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्यांवर माती, शेण आणि गवताचा लेप. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये.

ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात 'बेलीफ' नावाचं घर आहे, ते बघून या. पंधराव्या शतकातलं, मूळ केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. जलाशय होणार म्हणून १९६०च्या दशकाच्या शेवटी सांधे सोडवून उचललं आणि तिथे परत उभं केलं. सिमेंटचं घर असं उचलून दाखवा म्हणावं! तिथल्या मोठ्या दालनात धुराडं नाही, जमिनीच्या मध्यावर चूल आणि धूर छपरातून बाहेर. आमच्याकडे धुराडं मागाहून आलं, पण माळ्यावरच्या वाशांना बोट लावलं की अजून काजळी लागते.

भीती बाळगायची तर सिमेंटची. आमच्या आधीच्या मालकाने ओल दिसली म्हणून पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चुन्याने लिंपलेली भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटला केसभर चीर गेली की पाणी आत शिरतं ते आतच राहतं. मी पायथ्याच्या आडव्या लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत गेला आणि भिजलेल्या तंबाखूसारखा भुसा घेऊन बाहेर आला. हे समोर बघून मेहुणा काय म्हणाला असेल? "वरून अजून एक हात मारून घ्या."

मी सगळं सिमेंट खरवडून काढलं. सुताराने कुजकं कापून नव्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, वर चुना. तिकडे मेहुणेसाहेबांनी वाईच्या वाड्यात सागवानी खांबांना कमरेपर्यंत सिमेंट थापलंय. गेल्या पावसाळ्यात एका खांबाच्या बुडाशी अळंबी उगवली होती. फोटो बायकोनेच दाखवला, हे विशेष.

घर घ्याच असं मात्र मी म्हणत नाही. लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं असेल तर परवानगीशिवाय असे बदल करणं गुन्हा आहे, आमचाही नुसत्या कागदांत एक हिवाळा गेला. भिंतीतला ओक ओलसर राहिला तर लाकूड पोखरणारे भुंगेरे होतात. जुना तिरका खांब चालेल, नुकती फाकलेली चीर नाही, आणि हा फरक ओळखणारा, घरं तपासणारा सर्व्हेअर शोधा. घरात थंडी वाजते, स्वेटर घालूनच बसतो आम्ही.

मेहुणा मे महिन्यात परत येतोय. या वेळी खरा ओळंबा आणणार आहे म्हणे.