उंदराच्या जीएम-सीएसएफची पहिली वायल उघडण्याआधी

अगं, बडोद्याच्या मे महिन्यात जीएम-सीएसएफचं, म्हणजे पेशी वाढवायला लागणाऱ्या या प्रोटीनचं, पार्सल कोमट आलं म्हणून घाबरू नकोस. कोरडी पावडर बऱ्याचदा साध्या तापमानालाच पाठवतात. डेटाशीट बघ आणि लगेच फ्रीझरमध्ये ठेव.

खरी काळजी वायल, म्हणजे ती छोटी कुपी, उघडताना घ्यायची. पावडर दिसतही नाही, झाकणाला चिकटलेली असते. म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरव. मग डेटाशीटमध्ये सांगितलेलंच द्रावण घाल: १० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडतं. हलकेच फिरव, थांब.

त्याच दिवशी छोटे छोटे भाग करून गोठव. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात: एकच नळी दहादा वितळवतात आणि पेशी वाढल्या नाहीत की मीडियाला (पेशी वाढवायच्या पोषक द्रवाला) दोष देतात. पातळ द्रावणातलं प्रोटीन नळीला चिकटतं, म्हणून त्यात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असू दे.

आणि हो, उंदराचं जीएम-सीएसएफ माणसाच्या पेशींवर चालत नाही. लेबल दोनदा वाच. उंदराच्या अस्थिमज्जेपासून डेंड्रिटिक पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) करायला २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात कर. जमेल तुला.