फरशी बसवताना तळहाताने ठोकून ठोकून भावाची करंगळी आणि अनामिका गार, निळसर पडतात. ऑपरेशन लागेलच का?

लागेलच असं नाही. करंगळीखालच्या मांसल उंचवट्यात अल्नर धमनी (हाताला रक्त पुरवणारी करंगळीकडची रक्तवाहिनी) एका आकड्यासारख्या हाडावरून जाते. दर ठोक्याला ती त्या हाडावर चेचली जाते. मग आत गुठळी होते किंवा धमनी फुग्यासारखी फुगते. नुसती गुठळी असेल आणि अंगठ्याकडच्या धमनीतून रक्त पुरेसं येत असेल, तर ठोकणं आणि बिडी-तंबाखू कायमची बंद, सोबत औषधं, यावर बहुतेकदा भागतं.

धमनी फुगली असेल किंवा बोटांना जखमा होत असतील तर मात्र ऑपरेशन. खराब तुकडा कापून टोकं जोडतात. अंतर जास्त असेल तर हाताची किंवा पायाची शीर मधे शिवतात, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने. बोटाचं टोक काळं पडत असेल तर भावाला आजच हँड सर्जन किंवा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे न्या, उद्यावर ढकलू नका.