सुनेचं बीपी, ऑनलाइन समुपदेशन आणि माझं एक वाक्य

ताई, तुमचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुमची सून ब्लॅक अमेरिकन, वय ३४, बीपी १५०/९६. डॉक्टरांनी गोळी दिली, 'स्ट्रेस कमी करा' म्हणून एक अॅप सुचवलं. तुम्ही मायेने अनुलोम-विलोम शिकवायला गेलात, तर ती 'आय ॲम फाइन' म्हणून खोलीत निघून गेली. आता तिच्यासाठी ऑनलाइन काही चांगलं मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी अटलांटाजवळ आमच्या घरी हेच चाललं होतं. आमची सूनही ब्लॅक आहे.

मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेली सासू आहे. औषधाचं काहीही तिच्या डॉक्टरांना विचारूनच करा. मीठ, चालणं, झोप यावर मी लिहीत नाही. ते तिला सांगणारे शंभर जण आहेत.

आमचं कुठे बिघडलं ते सांगते. सुनेच्या नोकरीच्या इन्शुरन्समधून ऑनलाइन समुपदेशन मिळायचं. तिने फोन करून एकच मागणी केली, थेरपिस्ट ब्लॅक बाई असावी. पलीकडून उत्तर आलं, तसं निवडता येत नाही, यादी पाठवतो. यादीत चौदा नावं. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून ती एकेक नंबर फिरवायची. नऊ जणांनी नवीन पेशंट घेणं थांबवलेलं, तिघांचा उलट फोनच आला नाही, एकाचं लायसन्स दुसऱ्या राज्याचं. उरला एक. इन्शुरन्सच्या कार्यालयाला तिने पुन्हा फोन केला तर पुन्हा तीच यादी ईमेलने आली, तीच चौदा नावं, त्याच क्रमाने. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या एका थेरपिस्टबरोबर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत तिने आदल्या शनिवारची गोष्ट काढली. दुकानात सुरक्षारक्षक तिच्या मागे मागे फिरत राहिला आणि दाराशी बाबागाडीखालची पिशवी उघडून दाखवायला लावली. पिशवीत डायपर होते आणि अर्धं खाल्लेलं केळं. दीड वर्षाचा नातू गाडीत बसून बघत होता. थेरपिस्टने विचारलं, "तो सगळ्यांनाच तपासत नसेल कशावरून?"

रात्री जेवताना तिने हे आम्हाला सांगितलं. आणि मी म्हणाले, "अगं, त्याच्या मनात तसं नसेलही. अजून एकदा बोलून तर बघ."

तिने चमचा खाली ठेवला. "ओके, आई," एवढंच म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

ताई, आमची चूक ती हीच. जे वाक्य त्या थेरपिस्टने फेकलं, तेच मी घरात, माझ्या हातची आमटी वाढता वाढता फेकलं. त्यानंतर मनातलं ती कुणाशीच बोलली नाही. बैठका बंद झाल्या, पाठोपाठ डॉक्टरांची पुढची तारीखही रद्द झाली. गोळ्यांची बाटली संपली ती पुन्हा भरली नाही. बीपीचं मशीन टेबलक्लॉथच्या खणात गेलं. आणि मला वाटत होतं, सगळं छान चाललंय! ती हसत होती, नोकरी, मूल, तिच्या आईची दवाखान्याची कामं, चर्चमधलं रविवारचं जेवण, सगळं ओढत होती. चार महिन्यांनी एका रात्री डोकं इतकं दुखायला लागलं की मुलाने मशीन शोधून काढलं. १७८/११२. रात्रभर इमर्जन्सीत काढली. ती सावरली, पण लघवीत प्रथिनं सापडली, म्हणजे मूत्रपिंडापर्यंत झळ पोचली होती.

मग मी वाचायला लागले. नॉर्थ कॅरोलिनातल्या नर्सिंग संशोधक शेरिल वुड्स-जिस्कोंबे यांनी २०१० मध्ये ब्लॅक बायकांशी बोलून लिहिलंय की सतत खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, कुणाचा आधार घ्यायचा नाही, काही झालं तरी यशस्वी व्हायचं आणि आधी इतरांचं करायचं, असं ओझं त्यांच्यावर असतं. या ओझ्याला त्यांनी 'सुपरवुमन स्कीमा' असं नाव दिलं. मी येताजाता सुनेला "तू किती खंबीर आहेस गं" म्हणायचे, कौतुक म्हणून. ते बंद केलं. आता विचारते, "आज काय काढून घेऊ तुझ्याकडून?"

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो: नुसतं अॅप नको, गट हवा. आणि गट असा हवा की जिथे तिला घडलेलं सिद्ध करत बसावं लागणार नाही. ब्लॅक बायकांत ही रीत जुनी आहे. १९८३ मध्ये इथल्याच स्पेलमन कॉलेजात बिली एव्हरी यांनी ब्लॅक स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली आणि त्या चळवळीतून बायकांचे एकमेकींशी बोलण्याचे छोटे गट उभे राहिले. सुनेला तिच्या चर्चमधल्या मैत्रिणीकडून असाच एक ऑनलाइन गट मिळाला. आठ जणी, सगळ्यांना बीपी, चालवणारी ब्लॅक समाजसेविका. गुरुवारी रात्री आठ वाजता. सुरुवातीला पाच मिनिटं कुणी बोलत नाही, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसतात. मग प्रत्येकीने आपलं बीपी घ्यायचं. आकडा वाचून दाखवायची सक्ती नाही. मग बोलणं, आणि शेवटी हळू श्वासाचा सराव. म्हणजे श्वास तिथेही आहेच, ताई. फक्त तो सगळं ऐकून घेतल्यानंतर येतो.

ती हे सगळं घरात नाही, दारातल्या गाडीत बसून करते. घरात भिंतींना कान. पहिल्या गुरुवारी मी काचेवर टकटक करून पाणी नेऊन दिलं, ती एकदम गप्प झाली. पुढच्या गुरुवारपासून मी नातवाला आंघोळ घालून झोपवते आणि त्या बाजूचा पडदा ओढून घेते. तुमच्याकडून तिला मोकळा तास मिळाला तर फार मोठी मदत होईल.

आणखी काही गोष्टी, सुचतील तशा. लायसन्सचं आधी विचारा. पेशंट ज्या राज्यात बसून बोलतो, तिथे काम करायचा परवाना थेरपिस्टकडे लागतो. मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा मापाचा आहे ना, बघा. जॉन्स हॉपकिन्सच्या २०२३ च्या अभ्यासात ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने जास्त आला. आमचाही पट्टा छोटा निघाला, आणि सुरुवातीला ती आकडा बघून घाबरून दिवसातून सहा वेळा मोजायची. पट्टा बदलला तरी बीपी होतंच, गोळी लागतेच. श्वासाने, गटाने गोळी सुटत नाही, हे कृपा करून कुणीही विसरू नका.

बाळाचा विचार असेल तर तिने आत्ताच डॉक्टरांना सांगावं, बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. आणि बाळंतपणानंतरचे आठवडे डोळ्यांत तेल घालून जपा. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या शालॉन अर्विंग, वय ३६, आरोग्यातल्या विषमतेवरच काम करायच्या. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत बीपीच्या गुंतागुंतीने गेल्या. त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात दाखवून आल्या होत्या. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर धूसर, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर थेट ९११ ला फोन.

आणि एक, रागावू नका. आपल्याच लोकांत तिला नेताना जपा. एका गणपतीत एका बाईंनी नातवाकडे बघून माझ्या कानात "रंग आईवर गेला" म्हटलं. सुनेला मराठी कळत नाही असं त्यांना वाटलं. तिला 'रंग' कळतं. मी तेव्हा गप्प बसले. आता बसत नाही, तिथल्या तिथे बोलते.

त्या गटात जागा आहे का, हे मी सुनेला विचारते. पण आधी तुम्ही तुमच्या सुनेला विचारा, तिला हवंय का. 'नाही' म्हणाली तर आठ दिवस विषय काढू नका.