दोन वर्षांच्या पेरूबागेत ओळींमध्ये भाजीपाला घेतला तर झाडं मार खातील का?

तुमचा प्रश्न असा: पेरूची लागण ६ बाय ६ मीटरवर, झाडं दोन वर्षांची, मधली जागा मोकळी पडलीय. तिथे भाजी घ्यावी का आणि घ्यायची तर कोणती?

घ्या. पण भाजी निवडायच्या आधी पाण्याचं ठरवा. भाजीने झाडाचं खत खाल्लं अशी तक्रार सगळे करतात. माझ्या पाहण्यात मात्र आंतरपिकाने बाग बिघडली ती बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

पेरू, डाळिंब, लिंबूवर्गीय झाडांचा बहार धरायचा, म्हणजे ठरवलेल्या हंगामात एकदम फुलं आणायची, तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडलं की वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं, मग पाणी सोडल्यावर फुटीबरोबर फूल येतं. आता दीड-दोन मीटरवर भाजीला दिवसाआड पाणी चालू असेल तर झाडाची मुळं तिथे पोचतातच, आणि ताण कागदावरच राहतो. मी हे स्वतः करून बसलोय. काकडी तोडणीला आली होती, जीव होईना बंद करायला. म्हटलं, ठिबक तर काकडीच्या गादीवाफ्यावर आहे, झाडाचं पाणी बंदच आहे की. झाडं हिरवीगार राहिली, नवी पालवी फुटत राहिली, फुलं मात्र तुरळक. काकडीला बरी तोड मिळाली आणि पेरूचा बहार गेला.

म्हणून भाजीच्या लॅटरलला (ठिबकच्या नळीला) वेगळा व्हॉल्व्ह ठेवा आणि ताण कधी सुरू करायचा तो महिना आधी पक्का करा. तिथून मागे दिवस मोजत या. त्याआधी जे निघून जाईल तेच पीक लावा. बहार धरायला अजून अवकाश असेल तर या वर्षी तुम्हाला मोकळीक आहे.

दुसरी गोष्ट सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अळ्यांसारख्या कृमी, आणि पेरूत ती फार महत्त्वाची. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका या सगळ्यांवर मजेत वाढते, आणि पेरू-डाळिंबाच्या मुळांवरही. हंगामभर टोमॅटो घेणं म्हणजे पेरूशेजारी तिचं पाळणाघर उघडणं. आधी त्या जमिनीतली चार तणं किंवा जुनी भाजीची रोपं हलकेच खणून मुळं धुऊन बघा. शेंगवर्गीय पिकाच्या मुळावरही गाठी असतात, त्याने गोंधळू नका: त्या बोटाने चोळल्या की सुटून येतात आणि फोडल्या तर आत गुलाबीसर दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती निघत नाही.

गाठी दिसल्या तर फळभाज्या विसरा. मेथी, कोथिंबीर, पालक अशा ३०-४० दिवसांत निघणाऱ्या पालेभाज्या घ्या आणि मुळासकट उपटा. उबदार मातीत सूत्रकृमीची एक पिढी साधारण चार आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे तिला फार वाढायला वेळ मिळत नाही. झेंडूचाही उपयोग होतो, पण दाट लावून दोन-अडीच महिने अख्खा पट्टा भरला तर. कडेला चार रोपं लावली तर ती शोभेपुरतीच. (पपईवाले वाचत असतील तर त्यांनी काकडी-भोपळ्याच्या कुळातली पिकं टाळावीत. पपईचा रिंगस्पॉट विषाणू त्यांच्यातही शिरतो आणि मावा तो फिरवतो.)

अंतराचं म्हणाल तर झाडाच्या फांद्यांच्या घेराच्या बाहेर किमान अर्धा मीटर जागा सोडून वाफा सुरू करा. अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या फूट-दीड फुटात आणि बऱ्याचशा घेराच्या कडेला असतात, म्हणून तिथे नांगर, रोटाव्हेटर नको. आज तुम्हाला मध्ये साडेतीन-चार मीटरचा पट्टा मिळेल. दरवर्षी तो अरुंद होत जाणार. फळभाजीला सहा तास तरी थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. ओळी दक्षिणोत्तर असतील तर दोन्ही बाजूंना ऊन बऱ्यापैकी सारखं पडतं. उन्हाळ्यात तर थोडी सावली कोथिंबिरीला मानवते, लवकर फुलावर जात नाही.

सावली वाढली की हळद, आलं, सुरण लावा असा सल्ला मिळेल. सावलीत ती येतात हे खरं, पण काढणीला कुदळ चालवावी लागते आणि त्यात पेरूची मुळं तुटतात. मी लावत नाही.

फवारणीचं मात्र आधीच जमवून घ्या. झाडावर मारलेलं औषध खालच्या मेथीवर पडतं. पेरूसाठी लेबलवर दिलेला काढणीपूर्व काळ (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) मेथीला लागू होत नाही, आणि ते औषध मेथीवर चालतच नसेल तर ती उपटून आच्छादनाला वापरा, खायला नको. मी झाडांवर फवारणी ठरलेली असेल तेव्हा खाली पालेभाजी ठेवतच नाही.

झाडाच्या आळ्यात काही लावू नका, आणि वेल खोडावर चढवू नका. घेवड्याला वेगळे बांबू द्या.

तुमची जमीन भारी आहे की हलकी, आणि कोणत्या हंगामाचा बहार धरणार, तेवढं कळवा. भारी जमिनीत ओल बराच काळ टिकते, तिथे भाजीचं पाणी ताणाच्या बरंच आधी तोडावं लागेल.